अग्रलेख आणि आपण
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्तमानपत्र घरी आले की अग्रलेखाचे पान पुरुषांचे, अशी आपली समजूत. त्या पानावर एकेकाळी वाद चालला होता तो आपल्याविषयीच.

१८८१ साली ‘केसरी’ निघाला. आगरकर त्याचे पहिले संपादक. पुढे टिळकांशी मतभेद होऊन त्यांनी १८८८ साली ‘सुधारक’ काढला. त्याची इंग्रजी बाजू गोखल्यांनी सांभाळली. टिळक जन्माने रत्नागिरीचे, गोखले कोतळूकचे. दोघेही आपल्याच जिल्ह्यातले. १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला. मुलींचे वय दहावरून बारा करावयाचे, एवढाच प्रश्न. ‘सुधारक’ म्हणे, कायदा हवा. ‘केसरी’ म्हणे, परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये. ज्या मुलींसाठी हे रण माजले, त्यांतील बहुतेकींना अक्षरओळखही नव्हती.

रखमाबाईंना मात्र ती होती. १८८५ साली ‘एक हिंदू स्त्री’ या नावाने त्यांनी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त बालविवाहाविरुद्ध पत्रे लिहिली. पुढे त्या डॉक्टर झाल्या.

‘केसरी’तील लेखांपायी टिळकांनी १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा पत्करली. त्यांची थोरवी याने उणी होत नाही. पण थोरांचे मतही पारखूनच घ्यावे.

म्हणून माझी सूचना अशी, की मंडळात आठवड्यातून एकदा दोन भिन्न मतांची वर्तमानपत्रे मोठ्याने वाचावीत, आणि पटले नाही तर संपादकांना पत्र लिहावे. खाली स्वतःचे नाव घालावे. रखमाबाईंना तेव्हा ते घालता आले नव्हते.