कॅमेऱ्याचा डोळा आणि आपला वेग



आज आपण एका नव्या शिपायाची माहिती घेऊ. हा शिपाई शिट्टी वाजवत नाही. हात आडवा करत नाही. ऊन असो, पाऊस असो, रात्र असो, तो खांबावर बसून रस्त्याकडे पाहत असतो. गाडी ठरलेल्या वेगापेक्षा जोरात गेली, की तो तिचा फोटो काढतो. मग गाडीच्या मालकाला दंडाची नोटीस येते. हा शिपाई म्हणजे वेग मोजणारा कॅमेरा.

कोणी म्हणेल, "हे शहरातलं काम. आम्हा खेड्यातल्या माणसांना त्याचं काय?" पण आपण शहरात जातोच ना! दवाखान्यासाठी अकोल्याला जातो. बियाण्यासाठी जालन्याला जातो. कोणाचा मुलगा पुण्यात गाडी चालवतो. समृद्धी महामार्ग तर आपल्याच जिल्ह्यातून, मेहकर आणि सिंदखेड राजा तालुक्यांतून जातो. तेव्हा या शिपायाची ओळख करून घेतलेली बरी.

हा कॅमेरा वेग कसा मोजतो? एका प्रकारात यंत्र डोळ्यांना न दिसणाऱ्या लहरी गाडीवर सोडते. लहरी गाडीवर आपटून परत येतात. गाडी जितकी जोरात, तितका परत आलेल्या लहरीत फरक पडतो. त्या फरकावरून यंत्र वेग सांगते.

दुसरा प्रकार आपल्या शाळेतल्या गणितासारखा आहे. रस्त्यावर दोन ठिकाणी कॅमेरे असतात. समजा, दोहोंमध्ये १० किलोमीटर अंतर आहे. वेगाची मर्यादा ताशी १०० किलोमीटर आहे. तर हे अंतर कापायला निदान ६ मिनिटे लागली पाहिजेत. गाडी ५ मिनिटांत पोचली, तर तिचा वेग ताशी १२० झाला. कॅमेरा दिसला की हळू व्हायचे आणि पुढे गेले की पुन्हा जोरात पळायचे, ही युक्ती इथे चालत नाही.

या यंत्राची एक मजेची गोष्ट आहे. हॉलंड देशात गॅट्सोनाइड्स नावाचे गृहस्थ होते. ते मोटारीच्या शर्यतीत भाग घेत. १९५३ साली त्यांनी माँटे कार्लोची मोठी शर्यत जिंकली. वळणावर आपली गाडी किती जोरात जाते, हे कळावे म्हणून त्यांनी वेग मोजायचे यंत्र बनवले. त्यांना आणखी जोरात पळायचे होते! पण पुढे तेच यंत्र जोरात पळणाऱ्यांना आवरायच्या कामी आले.

आता मुख्य गोष्ट ऐका. कॅमेरा हा साक्षीदार आहे. साक्षीदाराने मनाला येईल तसे बोलून चालत नाही. त्यालाही नियम आहेत. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली यासाठी नवे कलम घातले गेले. मग ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने कॅमेऱ्यांचे नियम केले. त्यांतले चार नियम आपण ध्यानात ठेवू.

पहिला नियम. यंत्र बरोबर मोजते, असा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याचा दाखला हवा. तो दाखला दर वर्षी नवा करून घ्यायचा. दुकानदाराचा तराजू तपासतात ना, तसेच हे आहे.

दुसरा नियम. कॅमेरा जिथे आहे, त्याच्या आधी ठळक पाटी हवी. इथे नजर आहे, हे लोकांना आधी कळले पाहिजे. दबा धरून बसायचे, हा कायद्याचा हेतू नाही.

तिसरा नियम. कॅमेरे धोक्याच्या आणि गर्दीच्या ठिकाणी लावायचे. दहा लाखांहून जास्त वस्तीच्या शहरांत ते महत्त्वाच्या चौकांत असावेत. याशिवाय देशातल्या १३२ शहरांची यादी नियमांना जोडली. आपल्या शेजारची अकोला, जालना आणि जळगाव ही शहरे त्या यादीत आहेत.

चौथा नियम. नोटिशीत पुरावा हवा. गुन्हा आणि गाडीचा नंबर दिसेल असा फोटो हवा. यंत्राने मोजलेला वेग हवा. तारीख, वेळ, ठिकाण आणि कायद्याचे कलम हवे. गुन्हा घडल्यापासून १५ दिवसांच्या आत नोटीस पाठवावी, असे २०२१ च्या नियमात लिहिले होते.

हे झाले कॅमेऱ्याचे नियम. आता आपले.

२०१८ साली केंद्र सरकारने शहराच्या हद्दीतली जास्तीत जास्त मर्यादा ठरवली. मोटारीला ताशी ७० किलोमीटर. मोटारसायकलला आणि मालाच्या गाडीला ६०. तीनचाकी रिक्षाला ५०. पण शाळेजवळ, बाजारात, वळणावर याहून कमी आकड्याची पाटी असते. अशा ठिकाणी पाटीवरचा आकडा खरा मानायचा. लाल गोलात आकडा दिसला, की तोच त्या रस्त्याचा कायदा.

मर्यादा मोडली तर मोटारीला १ हजार ते २ हजार रुपये दंड, असे केंद्राच्या कायद्यात आहे. ट्रक आणि बससारख्या मोठ्या गाडीला २ हजार ते ४ हजार. ज्वारी विकून आलेला पैसा असा घालवायचा का, हे ज्याचे त्याने ठरवावे.

नोटीस घरी किंवा मोबाईलवर आली, तर घाबरू नका आणि फेकूनही देऊ नका. वाचा! आधी गाडीचा नंबर पाहा. आपल्या जिल्ह्याच्या गाडीचा नंबर एम.एच. २८ ने सुरू होतो. पाटीवर अक्षरे आणि आकडे इंग्रजी असतात, म्हणून तेही ओळखायला शिका. इंग्रजी तीन आणि आठ दिसायला जवळजवळ सारखे असतात. फोटोतली गाडी आपलीच आहे का? त्या दिवशी ती तिथे होती का? चूक वाटली, तर वाहतूक पोलिसांकडे तक्रार करता येते. कोर्टात आपले म्हणणेही मांडता येते. आपली चूक असेल, तर दंड भरून पावती जपून ठेवावी.

आणखी दोन गोष्टी. गाडी विकली, तर आर.टी.ओ.च्या कागदावर नाव बदलून घ्या. नाही तर जोरात जाईल दुसरा आणि नोटीस येईल तुम्हाला. दुसरे असे, की दंडाच्या नावाने मोबाईलवर खोटे संदेश येतात. त्यात एखादी फाईल किंवा अनोळखी दुवा असतो. तो दाबला, की बँकेतले पैसे जाऊ शकतात. खरा दंड आहे की नाही, हे सरकारी संकेतस्थळावर किंवा वाहतूक पोलिसांच्या कचेरीत पाहावे.

काही लोक म्हणतात, "कॅमेरे म्हणजे पैसे गोळा करायचा धंदा." बरं, हिशोब करून पाहू. ताशी ६० वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे ५५ फूट जाते. समोर लेकरू आले, तर ब्रेकवर पाय जाईपर्यंतच साधारण एक सेकंद लागतो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच ५५ फूट संपले! आणि वेग दुप्पट झाला, की ब्रेक लागल्यावर थांबायचे अंतर चौपट होते. हे गणित सरकारचे नाही. ते रस्त्याचे आणि चाकाचे आहे. दंड माफ होईल, पण हे गणित कोणाला माफ करत नाही.

कॅमेऱ्याला सगळेच दिसते असे नाही. १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर सिंदखेड राजाजवळ समृद्धी महामार्गावर बस उलटून पेटली. २५ माणसे गेली. वेग मोजणारे यंत्र चालकाची झोप मोजत नाही. त्याने घेतलेली दारू मोजत नाही. ते काम आपल्यालाच करावे लागते. चालक पेंगतो आहे असे दिसले, तर गाडी थांबवायला सांगा. संकोच करू नका.

तेव्हा मंडळी, पाटी वाचा आणि वेग आवरा. नोटीस आली, तर तीही वाचा. अक्षर शिकलेल्या माणसाला कोणी फसवू नये आणि त्यानेही कायद्याला फसवू नये. खांबावर कॅमेरा असो वा नसो, रस्त्यावर कोणाचे तरी लेकरू असतेच.

राम राम.