अण्णांच्या वहीतील 1975 साल
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात के. आर. पुरम येथे दिलेले भाषण)



या व्यासपीठावरून साहित्य, नाट्य, संगीत अशा विषयांवर विद्वानांची भाषणे झाली. मला मात्र चिटणीसांनी 'तुमच्या समुद्रावर बोला' अशी आज्ञा केली. समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवरच्या आणि दोन्ही किनाऱ्यांपासून रस्त्याने तीनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या के. आर. पुरममध्ये समुद्रावर बोलणे धाडसाचेच. पण आपल्यापैकी बरीच मंडळी किनारपट्टीवरून इकडे आलेली आहेत. त्यांच्या भरवशावर हे धाडस करतो.

माझा विषय आहे गळाने मासा धरण्याचा छंद. आमच्या मालवणीत त्याला 'गरवणे' म्हणतात. जाळे हे उपजीविकेचे साधन; गरवणे हा एका माणसाचा एका माशाशी मांडलेला डाव. पाश्चात्त्य देशांत या छंदाला खेळाची प्रतिष्ठा आहे. त्याचे विक्रम नोंदवणारी आंतरराष्ट्रीय संस्था 1939 साली स्थापन झाली. पेरू देशातील काबो ब्लांको येथे 4 ऑगस्ट 1953 रोजी आल्फ्रेड ग्लासेल यांनी 1,560 पौंडांचा काळा मार्लिन धरला; तो विक्रम अद्याप अबाधित आहे. आमच्यापाशी ना बोट, ना चक्रीची काठी. लाकडाच्या तुकड्यावर गुंडाळलेला तंगूस, शिशाची गोळी, एक गरी आणि आमिषाला कोलंबी किंवा बांगड्याचा तुकडा, एवढाच आमचा सरंजाम.

आमचे वडील, अण्णा, यांनी मात्र एक गोष्ट विक्रम नोंदवणाऱ्यांच्या शिस्तीने केली. त्यांनी वही ठेवली. तिथी, भरतीची वेळ, वारा, पाण्याचा रंग, जागा आणि मिळालेला मासा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारणपणे निघते, हे कोकणातले जुने गणित. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि अष्टमीचा भांग यांप्रमाणे जागा बदलायची, हे मी शाळेतल्या पाढ्यांबरोबरच शिकलो.

त्या वहीतील सर्वांत संपन्न वर्ष 1975. त्या वर्षी पाऊस उत्तम झाला होता. पावसाळ्यात अरबी समुद्राच्या तळाचे थंड, पोषक पाणी वर येते, त्यावर सूक्ष्म जीव वाढतात, त्यांच्यामागे तारली आणि बांगडा किनाऱ्याशी येतात आणि त्यांच्या पाठलागावर मोठे मासे. नारळी पौर्णिमेनंतर हे चक्र खडकाजवळ उभे राहूनही दिसू लागे. त्या वर्षी दिवाळीपर्यंत रापणी भरभरून आल्या आणि आम्हांला खडकावरून तांबोशी, गोबरे, पालू मिळत राहिले.

कोजागरीच्या रात्री आम्ही खाडीच्या मुखाशी होतो. भरती संपून ओहोट लागली आणि माझ्या हातातला तंगूस असा सुटला की बोटाला गुंडाळलेली सायकलच्या ट्यूबची पट्टी तापली. मी ओढू लागताच अण्णा मागून शांतपणे म्हणाले, "घाई करू नको. ओढू दी तेका." अर्ध्या तासाने 11 किलोची चणक वाळूवर आली. घरी आईने आटवलेले दूध झाकून ठेवले होते. ते पिऊन त्याच रात्री वाडीतल्या सात घरांचे वाटे झाले. घरच्या आणि शेजारच्या पानांत मावेल तेवढेच धरायचे, हा अण्णांचा नियम होता.

1976 च्या आरंभी नोकरीनिमित्त मी इकडे आलो. अण्णांबरोबर संपूर्ण हंगाम पुन्हा मिळाला नाही. तेव्हा आपण विचाराल की ते वर्ष खरेच थोर होते, की तारुण्य आणि पितृसहवास यांनी ते थोर केले? हा प्रश्न मीही स्वतःला विचारला आणि वही उघडली. त्या वर्षाच्याही दर तीन दिवसांतल्या एका दिवसापुढे 'काही नाही' असे लिहिलेले आहे. स्मृतीने हे दिवस केव्हाच पुसून टाकले होते. तरीही उरलेल्या दिवसांच्या नोंदी इतर वर्षांहून स्पष्टपणे भरघोस आहेत. स्मृती फुगवते, परंतु येथे ती खोटे बोलत नव्हती.

पुढे काय झाले ते आपण जाणता. त्याच दशकात कर्नाटक-गोव्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक पर्ससीन जाळी आली. गोव्यातील रापणकारांनी त्याविरुद्ध आंदोलन केले. महाराष्ट्राने 2016 साली पर्ससीनवर कडक निर्बंध घातले आणि 2017 साली केंद्राने प्रकाशझोतातील मासेमारीवर बंदी घातली. देशातील तारलीचे उत्पादन 2012 साली सुमारे 7.2 लाख टनांवर गेले आणि 2015 पर्यंत निम्म्याहून खाली आले. त्यात समुद्राच्या तापमानाचाही वाटा होता. थोर वर्ष हे पुढच्या वर्षांचे वचन नसते, हे त्या आकड्यांवरून उमगते.

आज या शहरातले आपले तरुण सुट्टीत मालवणला, कारवारला काठी-चक्री घेऊन जातात. त्यांना दोनच गोष्टी सांगतो. चणक आयुष्याच्या आरंभी नर असते आणि वाढल्यावर मादी होते. म्हणून मोठी चणक म्हणजे बहुधा पुढच्या पिढ्यांची माता. तिचे वजन करा, छायाचित्र घ्या आणि तिला पाण्यात सोडा. दुसरे, वही ठेवा, आणि तीत 'काही नाही' हेही लिहा. समुद्रात काय होते आणि काय उरले, हे पुढच्यांना कळण्यास तेवढाच प्रामाणिक आधार राहील.

मंडळाच्या पन्नास वर्षांच्या इतिवृत्तांतही भरलेल्या सभांबरोबर गणसंख्येअभावी तहकूब झालेल्या सभांची नोंद आहे. ती जपणाऱ्या सर्व चिटणीसांना वंदन करून माझे भाषण संपवतो.