टर्बोची ऑइल लाइन

डिझेल गाडीतल्या टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो, तेही ऑइलच्या पातळ थरावर. हे ऑइल पोचवणारी नळी बारीकशी. पण ती गळली, तर तापलेल्या एक्झॉस्टवर ऑइल पडून आग लागू शकते.

नळी जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टवर, नळीच्या टोकाच्या दोन्ही बाजूंना, तांब्याचे वॉशर दर वेळी नवेच टाका. जुना वॉशर एकदा दबलेला असतो. पैसे वाचवायची ही जागा नव्हे. टेफ्लॉन टेप किंवा सीलंट तर नकोच. त्याचा तुकडा बोल्टच्या छिद्रात अडकला, की बेअरिंग गेलंच म्हणून समजा.

नळीला तडा जातो तो बहुधा ताणामुळे. आधी दोन्ही टोकं हातानेच लावायची, नळी आपसूक बसते का पाहायचं, मगच कंपनीने दिलेल्या टॉर्कला आवळायचं. नळीला धरून ठेवणारी मधली क्लिप बऱ्याचदा गॅरेजच्या फरशीवरच राहून जाते! ती नसली, तर नळी इंजिनाबरोबर थरथरत जोडाशीच चिरते.

नळी जोडण्याआधी टर्बोच्या ऑइलच्या भोकात थोडं स्वच्छ ऑइल ओता. मग इंजिन काही मिनिटं आयडलवर चालवून बंद करा आणि हात जपून, कोरड्या फडक्याने जोड पुसा. डाग दिसला, तर नुसतं आणखी आवळू नका. वॉशर काढून पाहा.