जीपच्या ट्रान्सफर केसमधील तेलगळती
(नार्नूर येथे वाहनचालक, शिक्षक, शासकीय कर्मचारी व ग्रामस्थ यांच्यासमोर दिलेले भाषण)



गाडी निघून गेल्यावर शाळेच्या किंवा दवाखान्याच्या आवारात तेलाचा एक काळपट डाग मागे उरतो. त्याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. "जुनी जीप म्हटली की तेल गळणारच" असे म्हणून आपण विषय संपवितो. नार्नूर, गादिगुडा, उटनूर, जैनूर या डोंगराळ मुलखात आणि पलीकडच्या जिवतीच्या पठारावर जीप ही चैनीची वस्तू नव्हे. बाळंतिणीला दवाखान्यात नेणे, लशीची पेटी तांड्यावर व गुड्यावर पोहोचविणे, केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेस माणसे नेणे, ही कामे तिने वर्षानुवर्षे केली आहेत. म्हणून त्या डागाविषयी आज थोडे सविस्तर बोलण्याचे योजिले आहे.

जीपची चारही चाके ओढती होतात ती ट्रान्सफर केसमुळे. गिअरबॉक्सच्या पाठीमागे बसविलेला हा ओतीव लोखंडाचा डबा होय. गिअरबॉक्समधून आलेली शक्ती तो पुढच्या व मागच्या प्रोपेलर शाफ्टकडे वाटून देतो, आणि चढावर वा चिखलात अधिक ओढ मिळावी म्हणून गती आणखी कमी करतो. अमेरिकेत 1941 पासून विलीज कंपनीने लष्करासाठी बनविलेल्या जीपमध्ये ही रचना होती. पुढे महिंद्र कंपनीच्या जीपांतून ती आपल्याकडे रूढ झाली. युनिसेफने प्राथमिक आरोग्य केंद्रांना वाहने पुरविली त्या काळापासून सरकारी खात्यांशी जीपचे नाते जुळले आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. विलीज घडणीच्या या जुन्या जीपांत हँडब्रेक चाकांवर नसतो. त्याचा ड्रम ट्रान्सफर केसच्या मागील तोंडावर, प्रोपेलर शाफ्टच्या मुळाशी बसविलेला असतो. मागचे ऑइल सील झिजले की गळणारे तेल प्रथम या ड्रममध्ये शिरते व ब्रेकचे लायनिंग भिजविते. जमिनीवर डाग दिसू लागेपर्यंत हँडब्रेक बहुधा निकामी झालेला असतो. केरामेरीच्या घाटात प्रवासी बसलेली जीप हँडब्रेकच्या भरवशावर उभी करणाऱ्या चालकास याची कल्पना नसेल, तर पुढचा अनर्थ सांगण्याची आवश्यकता नाही. नुकसान केवळ तेलाचे असते तर मी आपला वेळ घेतला नसता.

गळती आढळली की नवे सील बसवून मोकळे होण्याची पद्धत सर्वत्र आहे. ही पद्धत मला मान्य नाही. सील का गेले हे पाहिल्यावाचून नवे बसविले, तर तेही थोड्याच दिवसांत त्याच वाटेने जाते. पहिली शंका ब्रीदरची घ्यावी. डब्यातील हवा बाहेर जावी म्हणून ठेवलेले हे छोटेसे श्वासछिद्र. आपल्याकडील काळ्या मातीचा चिखल त्यावर वाळून बसला की ते बुजते. सकाळी 30 अंशांवर असलेला डबा दिवसभराच्या चालीने 90 अंशांपर्यंत तापला, तर कोंडलेल्या हवेचा दाब सुमारे एक पंचमांशाने वाढतो आणि तेल सीलच्या ओठातून बाहेर ढकलले जाते. पावसाळ्यात याच्या उलट घडते. तापलेली गाडी ओढ्याच्या पाण्यात उतरली की आतील हवा एकाएकी आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढले जाते. प्लग उघडल्यावर तेल ताकासारखे पांढरट दिसले, तर पाणी शिरले असे निश्चित समजावे व सर्व तेल बदलावे. ब्रीदर साफ करण्यास खर्च काहीच येत नाही, तरीही तेच काम सर्वांत कमी वेळा केले जाते.

दुसरे कारण तेलाची पातळी. गाडी सपाट जागी उभी करून बाजूचा भरणीचा प्लग उघडावा. तेल त्या छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत असावे. डब्यात जेमतेम दीड लिटरच्या आसपास तेल मावते. गळते म्हणून अधिक भरून ठेवणे हा उपाय नव्हे, त्याने गळती वाढते. या जीपांत गिअरबॉक्स व ट्रान्सफर केस एकमेकांना लागून असतात आणि मधल्या वाटेने एकातील तेल दुसऱ्यात उतरते. तेव्हा एक भरलेला व दुसरा कोरडा, असेही आढळते. म्हणून दोन्ही प्लग उघडून पाहावेत. जुन्या जीपला सामान्यतः 90 क्रमांकाचे गिअर तेल चालते. अलीकडच्या काही चारचाकी ओढीच्या गाड्यांत मात्र फार पातळ तेल लागते. तेथे कंपनीची पुस्तिका पाहिल्याशिवाय हात लावू नये.

गळतीची जागा शोधताना घाई नको. तेल वाऱ्याने मागे व वजनाने खाली जाते, त्यामुळे जेथे थेंब लोंबतो तेथेच दोष असतो असे नाही. डबा रॉकेल वा डिझेलने स्वच्छ धुऊन कोरडा पुसावा, दहापंधरा किलोमीटर गाडी चालवावी आणि सर्वांत उंचावर ओल कोठे आहे ते पाहावे. गिअर तेल घट्ट व उग्र वासाचे असते. इंजिनचे तेल त्या मानाने पातळ व काळे. वास घेण्यास संकोच करू नये.

दुरुस्तीपूर्वीची एक गोष्ट विशेष आग्रहाने सांगतो. मागचा प्रोपेलर शाफ्ट सोडविताच हँडब्रेकचा चाकांशी संबंध तुटतो, आणि गाडी गिअरमध्ये ठेवूनही मागची चाके मोकळी राहतात. गाडीखाली शिरण्यापूर्वी सपाट जागा निवडून चाकांच्या दोन्ही बाजूंस दगड किंवा लाकडी ठोकळे लावलेच पाहिजेत. शाफ्ट व योक यांवर खूण करून ठेवावी, म्हणजे ते पूर्वीच्याच जागी बसतील. योक काढल्यावर सील जेथे घासते त्या पृष्ठभागावरून नख फिरवावे. नख अडकले तर तेथे खाच पडली आहे. योक बदलावा वा त्यावर पातळ बाही चढवावी. शाफ्ट हाताने वरखाली हलवून पाहावा. बेअरिंग सैल असेल तर नवे सील आठवडाभरही टिकणार नाही. नव्या सीलचा ओठ आत, तेलाच्या दिशेने असावा. त्याला थोडे तेल लावून ते लाकडी ठोकळ्याने सर्व बाजूंनी सारखे ठोकून बसवावे.

तेलाने भिजलेले लायनिंग धुऊन, जाळून वा घासून पुन्हा वापरू नये. मुरलेले तेल तापल्यावर परत वर येते. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असल्याने ड्रममधील धूळ फुंकूही नये. ओल्या फडक्याने पुसावी. काढलेले तेल ओढ्यात वा विहिरीजवळ ओतू नये.

कार्यालयप्रमुखांना एक विनंती आहे. लॉगबुकात डिझेलची नोंद काटेकोर होते, तशी गिअर तेलाचीही करावी. दोन महिन्यांत दोनदा तेल घातल्याची नोंद दिसली की गाडी कार्यशाळेत पाठविण्यास दुसरे कारण लागू नये. आणि गुरुजींनी शाळेच्या आवारात असा डाग पाहिला, तर चालकास बोलावून दाखवावा. तो रागावणार नाही.

दुरुस्ती झाल्यावर वीसएक किलोमीटर गाडी चालवून डब्याखाली पुठ्ठा ठेवावा व तासाभराने पाहावा. पातळी पुन्हा तपासावी. मग एखाद्या साध्या चढावर रिकामी गाडी हँडब्रेकवर उभी करून पाहावी. चालकाने जागा सोडू नये, आणि दुसऱ्या माणसाने बाजूला राहून मागच्या चाकामागे दगड लावलेला असावा.