सायकल उघडून पाहिली तेव्हा

मी वणीहून बोलतेय. सप्तशृंगी गडाच्या पायथ्याचं आमचं गाव. बचत गटांची समन्वयक म्हणून मी काम करते. बी.ए. झालंय, वय 34. आणि आज तुमच्यासमोर एक गोष्ट कबूल करते. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मला सायकल येत नव्हती.

लहानपणी घरात सायकल होती, पण ती भावाची. मी कॅरिअरवर बसायची. लग्नानंतर मोटारसायकलवर मागे बसायला लागले. गटाच्या मीटिंगला वस्तीवर जायचं तर कुणी सोडणारं मिळेपर्यंत ओट्यावर बसून राहायचं. कर्जाचे हप्ते, व्याज, नोंदवह्या सगळं मी बघते, पण चार किलोमीटर जायला मला माणूस लागायचा.

एका मीटिंगमध्ये आमच्या गटातल्या एक काकू म्हणाल्या, "ताई, आज माझी अर्धी हजेरी कापली." काकू द्राक्षबागेत कामाला जातात. छाटणी, डिपिंग, काढणी, जे असेल ते. बाग घरापासून लांब, रिक्षा मिळाली नाही की चालत जायचं, आणि उशीर झाला की मुकादम ऐकत नाही. मी विचारलं, "काकू, तुमच्या मुलीला शाळेत असताना सायकल मिळाली होती ना?" त्या म्हणाल्या, "आहे की. गोठ्यामागं गंजत पडलीय. पोरगी सासरी गेली." मी म्हटलं, "मग ती दुरुस्त करून घ्या आणि शिका." त्यावर काकू जे बोलल्या ते मला आजही आठवतं. त्या म्हणाल्या, "शिकेन गं. पण बिघडली की परत पोराच्या हातापाया पडायचं. त्यापेक्षा पाय बरे."

तेव्हा माझ्या डोक्यात आलं, की आपण बायकांना चालवायला शिकवतो, पण उघडायला शिकवत नाही. मग शिकलेलंही वाया जातं.

गटातल्या घरांमधून तीन मोडक्या सायकली निघाल्या. एकीला पुढचं चाक नाही, एकीची चेन तुटलेली, तिसरी काकूंच्या मुलीची. त्या घेऊन आम्ही सायकल दुरुस्तीवाल्या चाचांकडे गेलो. चाचा म्हणाले, "दुपारी गिऱ्हाईक नसतं, तेव्हा या. पण पाना तुमच्या हातात. मी फक्त सांगणार." आम्ही सहा जणी रोज दुपारी जायला लागलो.

पहिला धडा पायडलचा. उजवं पायडल सुटलं, डावं काही केल्या सुटेना. तीन जणी पान्याला लोंबकळलो. चाचा हसत म्हणाले, "डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. उलटं फिरवा." पुढे मग चाकाच्या तुंब्यातले छर्रे काढून रॉकेलमध्ये धुवायचे, ग्रीस भरायचं, कोन फार घट्टही नको आणि फार ढिलाही नको. वाकड्या रिमचा आउट तारा पिळून काढायचा. ओळीने मांडून ठेवलं तर सगळं जसंच्या तसं परत बसतं. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या बाईला हे काही अवघड नाही.

तीन सायकलींतून एक धड सायकल उभी राहिली. पण तिचं फ्रीव्हील गेलेलं. मैत्रिणींनो, मागच्या चाकावर चेन बसते ती दातेरी चकती म्हणजे फ्रीव्हील. त्याच्या पोटात लहान खटके असतात. पुढे पायडल मारलं की ते अडकतात आणि चाक फिरतं. पाय थांबवले की ते सुटतात, चाक आपलं पुढे पळत राहतं. तो 'टिकटिक' आवाज येतो ना, तो त्या खटक्यांचाच. आमचे खटके झिजलेले, पायडल नुसतंच गरगर फिरायचं. नवीन फ्रीव्हील यायला आठवडा होता. चाचा म्हणाले, "तोवर वेल्डिंग मारून पक्कं करून देतो. पण फक्त मैदानात चालवा, रस्त्यावर काढायची नाही."

पक्कं केल्यावर काय झालं? चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच. पाय आराम करू शकत नाहीत. मागे फिरवलं तर सायकल मागे जाते. सर्कशीत उलटी सायकल चालवतात, ती अशीच असते. ट्रॅकवरच्या शर्यतीच्या सायकलीही अशाच असतात, त्यांना तर ब्रेकही नसतो. शहरातली तरुण मुलं हौसेने अशी सायकल बांधतात, तिला फिक्सी म्हणतात. आमची फिक्सी नाइलाजाने झाली.

बाजार नसेल त्या दिवशी बाजारतळ मोकळा असतो. तिथे शिकवणी सुरू झाली. आधी दोन्ही पायडल काढून टाकली, सीट खाली केली आणि पायाने जमीन ढकलत तोल शिकलो. तोल आला तेव्हा पायडल लावली. पहिल्याच दिवशी सवयीने मी पाय थांबवायला गेले, तर पायडलने मला सीटवरून उचललं आणि मी खाली. पोरं हसली. पण दोन-चार दिवसांत गंमत कळली. आम्हा मोठ्या बायकांना पडायची भीती होती, त्याहून जास्त भीती होती वेगाची. या सायकलीत वेग पायात कळतो. पाय जड केले की चाक हळू, पाय हलके केले की चाक जोरात. चाक काय करतंय ते सारखं पायाला सांगत असतं. भीती तिथेच कमी झाली.

आम्ही दातेही मोजले. पुढच्या चक्राला 44, मागे 18. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचे जवळजवळ अडीच फेरे. 28 इंची चाक, म्हणजे एका फेऱ्याला सायकल 18 फुटांच्या आसपास पुढे जाते. आता विचार करा, उतारावर वेग ताशी 30 किलोमीटर झाला तर या सायकलीवर पायांना मिनिटाला नव्वदच्या वर फेरे मारावे लागतील. नांदुरीच्या घाटात असं घेऊन गेलं तर काय होईल? चाचा रस्त्यावर का नको म्हणाले ते गणिताने पटलं.

आणि एकदा ते अनुभवानेही पटलं. काकूंचा पदर चेनमध्ये गेला. साधी सायकल असती तर पाय थांबवले असते. इथे चाक फिरतंय तोवर चेन पदर ओढतच राहिली. काकूंनी पुढचा ब्रेक दाबला, मी मागून कॅरिअर धरलं, तरी कोपर सोलून निघालं. मागचं चाक उचलून पायडल उलटं फिरवलं तेव्हा पदर सुटला. घरी गेल्यावर त्यांना ऐकावं लागलं, "पुरे झाली आता सायकल." चूक माझी होती. चेनकव्हर लावायचं राहिलं होतं. मी घरी जाऊन तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी काकू आल्या. पदर कमरेला घट्ट खोचलेला आणि हातात कुठूनतरी शोधून आणलेलं चेनकव्हर.

नवीन फ्रीव्हील आलं. चाचांनी वेल्डिंगचं काढून ते बसवायला लावलं. का, तेही समजावलं. आपल्या साध्या तुंब्यावर चकती आट्यांवर बसते. पायाने उलटा जोर लावून थांबवत राहिलं तर ती सैल होऊन सुटू शकते. शर्यतीच्या सायकलीत तिच्यावर उलट्या आट्यांची आणखी एक रिंग आवळलेली असते. म्हणून हौस असेल तर तसा तुंबा आणि ब्रेक ठेवून बांधा, जुगाड करून रस्त्यावर जाऊ नका.

मैत्रिणींनो, आपण काही नवीन केलं असं नाही. 1888 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं. ते सायकली विकत, दुरुस्त करत आणि चालवायला शिकवतही. शिकवण्याचे 15 रुपये घेत, असं सांगतात. त्या काळी फ्रीव्हील रुळलेलं नव्हतं, तेव्हा त्यांचे विद्यार्थीही आमच्यासारखेच न थांबणाऱ्या पायडलवर शिकले असणार. सायकल उघडता-जोडता त्यांचा हात यंत्रांवर बसला आणि पुढे त्यांनी लोखंडी नांगर केले. आणि 1991च्या सुमारास तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरता चळवळीसोबत बायकांनी सायकल शिकायला घेतली. शेतमजूर बाया, दगडखाणीतल्या बाया, हजारोंनी शिकल्या. अक्षर आणि सायकल दोन्ही एकदमच हाती आली.

आज काकू बागेत सायकलने जातात. मागच्या महिन्यात वाटेत पंक्चर झालं. बागेतल्याच टाकीच्या पाण्यात ट्यूब धरून त्यांनी भोक शोधलं, घासून सोल्यूशन लावलं, पॅच चिकटवला. मुकादम बघत उभा होता. दुसऱ्या दिवशी त्याने आपल्या पोराची सायकल आणली, "काकू, हिचंही बघता का?" काकूंनी पैसे घेतले. फुकट केलं नाही, हे मला फार आवडलं. मीही आता वस्तीवरच्या मीटिंगला स्वतः जाते. ओट्यावर बसून वाट बघणं संपलं.

आपल्या गटाची पंचसूत्री आपल्याला पाठ आहे. तशीच सायकलीची पाच कामं पाठ करा. निघण्यापूर्वी हवा बघा, दोन्ही ब्रेक दाबून बघा, चेन सैल आहे का आणि तेल आहे का ते बघा, दोन्ही चाकांचे नट आवळलेत का बघा, आणि हँडल सरळ आहे का बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

तुमच्याही गोठ्यामागे, माळ्यावर एखादी सायकल पडलेली असेल. ती बाहेर काढा. चालवायला येत नसेल तरी चालेल. आधी उघडून बघा. आणि डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, एवढं लक्षात ठेवा.