हिमाचें घर आणि कारवीचा कूड

श्रोत्यांपैकीं ज्यांनीं कर्जतची गाडी पकडली असेल त्यांस भिवपुरी ठाऊक आहे. नेरळ गेलें कीं पुढचें स्थानक तेंच. पश्चिमेस माथेरानचा डोंगर, पूर्वेस सह्याद्रीची भिंत. घाटमाथ्यावरचें पाणी नळांतून खालीं आणून मुंबईस वीज पुरविणारें भिवपुरीचें वीजघर १९२२ सालीं सुरू झालें.

त्याच सालीं रॉबर्ट फ्लाहर्टी याचा ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ हा मूकपट निघाला आणि उत्तर ध्रुवाकडील लोक हिमाचें घर कसें रचतात हें शहरवासीयांनीं पडद्यावर पाहिलें. गंमत अशी कीं, आंत उजेड पुरेना म्हणून आंतील दृश्यांसाठीं अर्धें उघडें असें निराळें घर रचावें लागलें!

पूर्वीं ज्यांना एस्किमो म्हणत त्या इन्युइट लोकांबरोबर कॅनडाच्या उत्तरेस आज प्रवासी पैसे भरून जातात व ‘इग्लू’ बांधावयास शिकतात. (त्यांच्या भाषेंत हा शब्द कोणत्याही घरास लागतो.) शिष्यांस वाटतें, पहिला धडा सुरीचा असेल. तो असतो हिमाचा. एकाच वादळानें आणून दाबलेलें, सारख्या घट्टपणाचें हिम हवें. सळईनें टोचून तें पारखतात. भुसभुशीत असेल तर ठोकळा फुटतो. गोठून त्याचा टणक बर्फ झाला असेल तर ऊब टिकत नाहीं, कारण ऊब राखते ती हिमांत अडकलेली हवा. मग कारागीर आंत उभा राहून, शंखाच्या वेटोळ्याप्रमाणें, आंत कललेले ठोकळे चढवीत नेतो. १९४९ सालीं कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डानें काढलेल्या एका लघुपटांत दोघे जण असें घर दीड तासांत उभें करतात.

भिवपुरीच्या आसपासच्या ठाकूरवाड्यांत हाच धडा कारवीचा आहे. हें झुडूप सात-आठ वर्षें नुसतें वाढतें, मग एकदांच जांभळ्या फुलांनीं उतार झांकून टाकतें, बीं धरतें आणि मरतें. त्याच्या सरळ काठ्यांचा कूड होतो. कोंवळी काठी वाळली कीं आक्रसते व गिलाव्यास भेगा पडतात. किडलेली वरून दिसत नाहीं, ती वांकवून पाहावी लागते. आधीं मेढी रोवावयाच्या, आढें चढवावयाचें, वांसे बांधावयाचे. गवत शाकारावयाचें तें वळचणीपासून आढ्याकडे. मगच वरची पेंढी खालच्या पेंढीवर येते आणि पाणी ओघळून जातें. भिंत शेवटीं : कारवी आडव्या बांबूंना बांधून दोन्ही अंगांनीं शेणमातीचा लेप. वरचा भाग पुष्कळदां मोकळा ठेवतात. चुलीचा धूर तेथून निघतो, आणि शंभर इंचांहून अधिक पावसांत छपराचें गवत सुकें राखण्याचें कामही तोच करतो.

अशा घरास वाळवी लागते, विस्तवाची भीति असते, गवत वरचेवर बदलावें लागतें. म्हणून सरकारी मदतीनें विटांचें घर घेणाऱ्या ठाकरास संस्कृतिरक्षणाचा उपदेश करण्याचा अधिकार सिमेंटच्या चौथ्या मजल्यावर राहणाऱ्यास नाहीं. इन्युइट कुटुंबेंही १९५० नंतर वस्त्यांतील लांकडी घरांत आलींच. परंतु त्यामुळें बांधणारा आतां केवळ शिकविणारा झाला आहे. वाडीवरच्या म्हाताऱ्यानें ही विद्या बापास खालून पेंढ्या फेंकतां फेंकतां उचललेली असते. त्याचा मुलगा पहांटेच्या गाडीनें कामावर जातो. पेंढ्या फेंकावयास येतात ते शनिवारचे पाहुणे.

रविवारीं सायंकाळीं पाहुण्यांनीं बांधलेल्या कुडावरून म्हातारा हात फिरवितो, न बोलतां तीन काठ्या उपसून बाजूस टाकतो, आणि मुंबईची गाडी चुकेल म्हणून सर्वांस उठवितो.