वाचता येतं का, हे घरी कोण सांगणार?

(पातूर येथे पालक आणि तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



पातूरमध्ये भाषेबद्दल बोलायचं म्हणजे जपून बोलावं लागतं. तुमच्या नगर परिषदेच्या पाटीवर मराठीसोबत उर्दू असावी की नसावी, हा वाद इथून निघाला आणि जिल्हाधिकारी, अमरावतीचे विभागीय आयुक्त, नागपूर खंडपीठ असं करत थेट दिल्लीला पोहोचला. १५ एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की मराठीसोबत उर्दू लिहायला कायद्याची आडकाठी नाही. न्या. सुधांशू धुलिया आणि न्या. के. विनोद चंद्रन यांचं ते पीठ. भाषा म्हणजे धर्म नव्हे आणि उर्दू इथल्याच मातीतली आहे, असं त्यांनी सविस्तर लिहिलं. इथं १९५६ पासून उर्दूचा वापर होत आल्याची नोंदही त्या निकालात आहे. त्या आठवड्यात पुण्यात आमच्या ऑफिसात दोघा-तिघांनी मला विचारलं, हे पातूर नेमकं कुठं? मी म्हटलं, अकोल्याहून वाशीमच्या रस्त्याला लागा, सापडेल.

पाटी राहिली, चांगलं झालं. आता माझा प्रश्न तिच्यासमोर उभ्या राहणाऱ्या लेकराचा आहे. तिसरीतलं पोरगं किंवा पोरगी तिथं नेऊन उभी केली, तर तिला त्यातलं काय वाचता येईल? उर्दू शाळेतल्या मुलीला मराठीची ओळ येईल का? त्याआधी, उर्दूची तरी येईल का? मराठी शाळेतल्याला मराठीची येईल का? आणि येत नसेल, तर हे तिच्या आईला माहीत आहे का? तिला ते कोणी सांगितलं?

माझ्या बहिणीचा मुलगा प्राथमिक शाळेत आहे. गाव आणि शाळा सांगत नाही, कारण तुमच्या फोनमध्येही असाच ग्रुप असणार. महिनाभराचे मेसेज मी वर सरकवत पाहिले. अधिकाऱ्यांचं स्वागत, वृक्षारोपण, प्रभातफेरी, आधार अपडेट करा, बँक पासबुकची झेरॉक्स आणा, ईदच्या शुभेच्छा, दिवाळीच्या शुभेच्छा, आणि प्रत्येकाखाली चाळीस अंगठे. शाळेची बातमी म्हणजे फोटो, असं आपण सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलेलं दिसतं. मुलं काय शिकली, याची त्यात एक ओळ नव्हती. गुरुजींना दोष देऊन उपयोग नाही. फोटो वर पाठवावाच लागतो, तो पाठवल्याचा पुरावाही ठेवावा लागतो. आम्ही पालकही फोटोच मागतो.

मग शिकण्याची बातमी असते कुठे? भरपूर ठिकाणी असते. महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. त्याचे दोन भाग. एक आकारिक, म्हणजे वर्षभर तोंडी काम, प्रकल्प, कृती, गृहपाठ पाहून होणारं. दुसरं संकलित, म्हणजे सत्राच्या शेवटची परीक्षा. पहिली-दुसरीला आकारिकचा वाटा ७० टक्के, तिसरी-चौथीला ६०. कल्पना उत्तम आहे. लहान लेकराला तीन तासांच्या पेपरवर तोलायचं नाही, रोज पाहायचं. म्हणूनच प्रगतिपत्रकात श्रेणीसोबत वर्णनात्मक नोंदी असतात. पण त्या नोंदी एकदा नीट वाचा. 'सुविचारांचा संग्रह करतो', 'कविता तालासुरात म्हणते'. बाजारात तयार नोंदींच्या याद्या मिळतात, त्यातून त्या उतरतात, आणि आपण सही करून पत्रक परत देतो. माझ्या भाच्याला 'वाचनाची आवड आहे' अशी नोंद होती. जोडाक्षर आलं की तो छताकडे पाहतो.

त्याशिवाय २०२३ पासून नियतकालिक मूल्यांकन चाचण्या आहेत. आधी पायाभूत, मग संकलित एक, संकलित दोन; भाषा, गणित आणि इंग्रजी. उर्दू माध्यमाला उर्दूत प्रश्नपत्रिका येते. गुण भरले की ते राज्याच्या विद्या समीक्षा केंद्राकडे जातात. मी हेच काम करून पोट भरतो, त्यामुळे मला यातलं गंमतीचं काय ते लगेच दिसतं. आकडे फार सुरेख वर चढतात. शाळेतून केंद्राला, तालुक्याला, जिल्ह्याला, राज्याला. खाली, त्या गल्लीतल्या घरापर्यंत मात्र उतरत नाहीत.

आमच्या धंद्यात टेस्टिंग म्हणून एक खातं असतं. टेस्ट फेल झाली की कोणी टेस्टरवर डाफरत नाही, कारण चूक लवकर सापडली तर स्वस्तात सुटते. अट एकच, की रिपोर्ट ज्याला दुरुस्ती करता येते त्याच्या हातात पडला पाहिजे. तिसरीतल्या मुलीची जोडाक्षरं कोण दुरुस्त करू शकतं? तिची बाई, तिची आई, तिची कॉलेजात जाणारी फूफी. मुंबईतला सचिव नाही.

शिक्षण हक्क कायदा, २००९ चा. यातलं कलम २९ मला फार आवडतं. अभ्यासक्रम आणि मूल्यमापन कसं असावं, ते त्यात दिलंय. संविधानातल्या मूल्यांशी सुसंगत असावं, शक्य तिथे मातृभाषेतून असावं, मुलाला भीती आणि दडपणापासून मुक्त करावं, आणि त्याला कळलं का, वापरता येतं का, याचं सर्वंकष व सातत्यपूर्ण मूल्यमापन व्हावं. एकाच यादीत सगळं. आपण मात्र मूल्यं परिपाठात ठेवली आणि मूल्यमापन कपाटात. २०२० च्या प्रजासत्ताक दिनापासून राज्यातल्या शाळांत उद्देशिकेचं वाचन होतं. समता, बंधुता हे शब्द लेकरं खणखणीत म्हणतात. पण ज्या मुलाला ते शब्द वाचता येत नाहीत, त्याला 'अ-२' देऊन पुढच्या वर्गात पाठवणं, यात कुठली समता आहे? तो मुलगा बहुधा वीटभट्टीवरच्या, हमालीच्या, बिडीच्या घरातला असतो. ज्यांच्या घरी शिकवायला कोणी आहे, त्यांचं तसंही निभतं.

हे काही एका गावाचं दुखणं नाही. 'प्रथम'चा 'असर' अहवाल ग्रामीण भारतात घरोघर जाऊन मुलांना वाचायला लावतो. २०२४ मध्ये देशभरातल्या सरकारी शाळांत तिसरीच्या १०० पैकी साधारण २३ मुलांना दुसरीचा मजकूर वाचता आला. २०२२ मध्ये ते १६ होते. म्हणजे सुधारणा होते, आणि तरी चारातली तीन मुलं मागे आहेत. त्यांची पद्धत घरी करून पाहण्याइतकी सोपी आहे. अक्षर, मग शब्द, मग छोटा परिच्छेद, मग गोष्ट. एकेका लेकराला जवळ बसवून, कोणाला न ऐकवता. कुठे अडतं ते पाहायचं, रागवायचं नाही, शेजारच्या शाहीनशी तुलना तर मुळीच करायची नाही. बालभारतीची उर्दू आणि मराठी दोन्ही पुस्तकं घरात असतील, तर दोन्हीतून पाहा. २०२० च्या कायद्याने सगळ्या माध्यमांत मराठी सक्तीची आहे. उर्दू शाळेतल्या मुलाला ती नीट आली नाही, तर पुढे तलाठ्याच्या परीक्षेत अडतं. उर्दू विसरला, तर नानीचं पत्र कपाटातच राहतं.

आता काही जण म्हणतील, ग्रुपवर सगळ्यांचे गुण टाका. नको. चाळीस घरांसमोर एका लेकराला उघडं पाडून काही साधत नाही. वर्गाची बातमी सगळ्यांना: अठ्ठावीसपैकी इतकी मुलं परिच्छेदापर्यंत आली, मागच्या महिन्यात इतकी होती. लेकराची बातमी फक्त त्याच्या घराला. कलम २४ नुसार हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती पालकांना नियमित भेटून सांगणं हे शिक्षकाचं कर्तव्यच आहे. अम्मीला वाचता येत नसेल, तर तीस सेकंदांचा आवाजी मेसेज पुरतो.

आणि शाळा व्यवस्थापन समिती. तीन-चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या महिला, असं कायदा सांगतो. तुमच्यापैकी कोणाची भाभी, कोणाची आपा त्या यादीत असेलच. बैठकीला जातं कोण? बहुतेक ठिकाणी भाईजान जातात, तिची सही घरी येऊन होते. तिला जाऊ द्या. मुलाचं अडतं कुठे, हे तिला जास्त ठाऊक असतं. पोलिओच्या डोसची सूचना जुम्यानंतर होते, तर बैठकीची तारीखही सांगता येईल. गावात मराठी आणि उर्दू दोन्ही शाळा असतील, तर दोन्ही समित्या वर्षातून एकदा सोबत बसायला काय हरकत आहे? भिंतीच्या दोन्ही बाजूंना जोडाक्षरंच अडतात.

मी संध्याकाळच्या गाडीपर्यंत इथंच आहे. ज्यांनी प्रगतिपत्रकं आणली आहेत, त्यांनी चहा झाला की खिडकीजवळच्या टेबलाशी या. नोंदी सोबत वाचू, आणि बाईंना नेमकं काय विचारायचं ते कागदावर लिहून घेऊ. उर्दूतल्या नोंदी असतील तर माझ्या अम्मी आल्या आहेत, त्या वाचून सांगतील. माझ्यापेक्षा त्यांची उर्दू पक्की आहे.